दुखतं तिथं बोट ठेवा : माकडहाडाचं दुखणं आणि कागदावरचं त्याचं नाव

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषण)

आज वही-पेन्सिल जवळ ठेवा. मधे काही गोष्टी लिहून घ्यायला सांगणार आहोत.

आजचा विषय आहे माकडहाडाचं दुखणं. माकडहाड म्हटलं की बैठकीत हसू फुटतं, हे आम्हाला माहीत आहे. हसून घ्या. पण ज्या बाईला हे दुखणं होतं तिला बसता येत नाही. जेवायला बसता येत नाही, बाळाला मांडीवर घेता येत नाही, एसटीत बसून माहेरी जाता येत नाही. आणि हे सांगायचं कुणाला? जागा अशी, की बोट दाखवायची लाज वाटते. मग बाई म्हणते, "कंबर दुखते." आणि तिथंच पुढचा सगळा घोळ सुरू होतो. म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ. हे दुखणं काय आहे, आणि दवाखान्याच्या कागदावर ते कोणत्या नावानं लिहिलं गेलं पाहिजे.

आधी जागा ओळखू. आपल्या पाठीचा कणा मानेपासून खाली येतो. कमरेच्या खाली एक तिकोनी, रुंद हाड असतं. त्याच्या टोकाला तीन ते पाच छोटे मणके एकाखाली एक असतात, बहुतेकांना चार. हेच माकडहाड. दोन्ही कुल्ल्यांच्या मधल्या खाचेत, शौचाच्या जागेच्या थोडं वर बोट दाबलं की ते हाताला लागतं. शेपटी असणाऱ्या प्राण्यांना जिथून शेपूट सुरू होते ती ही जागा, म्हणून नाव माकडहाड.

हाड लहान असलं तरी रिकामं बसलेलं नाही. आपण बसतो तेव्हा शरीराचा भार तीन ठिकाणी पडतो. दोन बैठकीची हाडं दोन बाजूंना आणि मागे हे माकडहाड. चुलीच्या तीन दगडांसारखं समजा. पुढं वाकून बसलं की भार दोन दगडांवर जातो. मागे रेलून, पाठ सैल सोडून बसलं की तिसऱ्या दगडावर भार येतो. शिवाय शौचाची, लघवीची आणि गर्भाशयाची जागा खालून तोलून धरणारे स्नायू याच हाडाला येऊन चिकटतात. म्हणून हे हाड दुखलं की नुसतं बसणंच नाही, शौचाला जोर लावणं आणि नवराबायकोचा संबंधसुद्धा दुखतो. हेही सांगायला लाजू नका. डॉक्टरांना त्यातून मोठा धागा मिळतो.

आता कंबरदुखी आणि हे दुखणं यात फरक कसा ओळखायचा? कंबरदुखी सहसा वाकल्यावर, ओझं उचलल्यावर, फार वेळ उभं राहिल्यावर वाढते, आणि ती कमरेच्या पट्ट्यात पसरलेली असते. तळहातानं दाखवावी लागते. माकडहाडाचं दुखणं एका बोटानं दाखवता येतं. बसलं की दुखतं, कडक जागेवर जास्त दुखतं, मागे रेललं की आणखी दुखतं. बसलेल्या जागेवरून उठताना एकदम कळ येते. उभं राहिलं, चाललं, की बऱ्याचदा बरं वाटतं. कमरेतून निघून मांडीच्या मागून पायाच्या बोटापर्यंत जाणारी कळ, मुंग्या, ते वेगळं. त्याला सायटिका म्हणतात. माकडहाडाची कळ शक्यतो जागेवरच राहते.

हे कुणाला होतं? कुणालाही होऊ शकतं, पण पुरुषांपेक्षा बायकांना साधारण पाचपट जास्त. कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. बाळंतपणासाठी बाईचं ओटीपोटाचं हाडांचं कडं रुंद असतं, त्यामुळे माकडहाड मागच्या बाजूला जास्त उघडं राहतं. मार त्याला लवकर लागतो.

कारणं मुख्य तीन. पहिलं, पडणं. न्हाणीत शेवाळावरून, सारवलेल्या ओल्या जमिनीवरून, पावसाळ्यात बांधावरून पाय घसरतो आणि बाई ढुंगणावर आपटते. जिन्याच्या पायरीवर बसकण बसते. हाडाला मुका मार लागतो, कधी ते सांध्यातून सरकतं, कधी मोडतं.

दुसरं कारण बाळंतपण. बाळ बाहेर येताना वाट मोठी व्हावी म्हणून माकडहाड मागे सरकतं. ही देवघेव निसर्गानंच ठेवलेली आहे. पण बाळ मोठं असेल, कळा फार वेळ चालल्या असतील, किंवा चिमटा लावून बाळ काढावं लागलं असेल, तर त्या सांध्याला इजा होऊ शकते. बाळंतीण उठून बसायला लागली की मग कळतं. आणि घरातले म्हणतात, "बाळंतपणात कंबर दुखतेच."

तिसरं कारण, बसण्याचा रोजचा भार. लोखंडी स्टुलावर शिलाई, कडक पाटावर तासन् तास काम, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खडबडीत रस्त्यावरून जाणं, दुचाकीच्या मागच्या सीटवर खड्ड्यांचे दणके. अंगात वजन जास्त असेल तर बसताना मागे भार पडतो. आणि अंग एकदम वाळलं तर हाडावरचं मऊ अस्तर कमी होतं, तेव्हाही दुखतं. काहीजणींना तर यांपैकी काहीच आठवत नाही, तरी दुखणं असतं. म्हणून "पडली नाहीस, मग दुखतं कसं?" असं कुणाला म्हणू नका.

आमच्या एका गटातली गोष्ट सांगतो. एक सून दुसऱ्या खेपेला बाळंत झाली. बाळ अंगानं चांगलं होतं, कळा रात्रभर चालल्या. घरी आल्यावर बाळाला पाजायला बसली की खालून कळ यायची. सासूबाईंना म्हणाली, कंबर दुखते. सासूबाईंनी शेक दिला, डिंकाचे लाडू केले. फरक पडेना, म्हणून एका दवाखान्यात नेलं. तिथंही ती म्हणाली, कंबर दुखते. कमरेचा एक्स-रे काढला, तो साफ आला. कमरेचा पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या, "अशक्तपणा आहे" असं सांगितलं. पाच महिने ती आडवं पडूनच बाळाला पाजायची. गटाच्या बैठकीत भिंतीशी उभी राहायची. घरात बोलणी सुरू झाली, की हिला काम नको. शेवटी उपकेंद्रातल्या सिस्टरनी साधा प्रश्न विचारला, "बसल्यावर दुखतं की उभं राहिल्यावर? बोट ठेवून दाखव बरं." तिनं बोट ठेवलं, ते कमरेवर नव्हतंच. सिस्टरनी चिठ्ठी देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथं तपासणी झाली आणि कागदावर दुखण्याचं नाव आलं. उपचार काही मोठा नव्हता. बसायची उशी, पोट साफ राहण्याचं औषध, थोडे व्यायाम. अडीच महिन्यांत ती मांडी घालून बसायला लागली.

यात तिच्या हाती काय आलं? औषधाच्या आधी शब्द आला. घरात आता "काम नको" असं कुणी म्हणेना, कारण दुखण्याला नाव होतं आणि ते कागदावर होतं.

आता या कागदाबद्दल बोलू. डॉक्टर तपासून जे लिहितात त्याला निदान म्हणतात. माकडहाडाच्या दुखण्याला डॉक्टरी भाषेत 'कॉक्सिडिनिया' किंवा 'कॉक्सिगोडिनिया' म्हणतात. हा शब्द लिहून घ्या. बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात करणारे एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी 1859 साली हे नाव दिलं. म्हणजे हे दुखणं नवं नाही आणि मनाचे खेळही नाहीत.

निदानाच्या शेजारी कधी कधी एक अक्षर आणि आकडे असतात. त्याला कोड म्हणतात. हे काय असतं ते आपल्या भाषेत सांगतो. गावात एखादं शेत 'वडाखालचं' म्हणून सगळ्यांना माहीत असतं. पण तलाठ्याच्या दप्तरात वडाखालचं शेत नसतं, गट नंबर असतो. वड पडला तरी नंबर राहतो. तालुक्याला, जिल्ह्याला, बँकेत तोच नंबर चालतो. दुखण्याचा कोड म्हणजे दुखण्याचा गट नंबर. एक डॉक्टर 'कॉक्सिडिनिया' लिहील, दुसरा 'टेलबोन पेन' लिहील, आपण माकडहाड म्हणू, नंबर एकच.

हे नंबर जगभर सारखे असावेत यासाठी फार पूर्वीपासून खटपट झाली. 1860 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल या परिचारिकेनं लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढं मागणी मांडली, की सगळ्या रुग्णालयांनी आजारांची नोंद एकाच पद्धतीनं करावी. पुढं 1893 मध्ये जॅक बर्टिलाँ या फ्रेंच माणसानं मृत्यूच्या कारणांची यादी तयार केली. 1948 पासून ती यादी जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. आपल्याकडच्या कागदांवर आज बहुतेक ठिकाणी दिसते ती तिची दहावी आवृत्ती, आयसीडी-दहा. अकरावी आवृत्ती 2022 च्या 1 जानेवारीपासून लागू झाली आहे, पण जुने नंबर अजून चालू आहेत.

आता पेन्सिल घ्या. कोडमध्ये पहिलं असतं इंग्रजी अक्षर. ते सांगतं दुखणं कोणत्या भागात मोडतं. एम म्हणजे हाडं, सांधे, स्नायू यांचे आजार. एस म्हणजे मार लागून झालेली इजा. ओ म्हणजे गरोदरपण आणि बाळंतपण. एल म्हणजे कातडीचे आजार.

माकडहाड दुखतंय, मोड नाही, वेगळा आजार नाही, तर नंबर एम 53.3.

पडून माकडहाड मोडलं असेल तर एस 32.2. सांध्यातून निखळलं असेल तर एस 33.2. कमरेच्या खालच्या भागाला नुसता मुका मार असेल तर एस 30.0.

बाळंतपणात माकडहाडाला इजा झाली असेल तर ओ 71.6.

माकडहाडावरच्या खाचेत केस आत घुसून गळू झालं, पू झाला, तर ते हाडाचं दुखणंच नाही, कातडीचं आहे. त्याचे नंबर एल 05 नं सुरू होतात.

आणि साधी कंबरदुखी? एम 54.5.

बघा, त्या सुनेच्या कागदावर पाच महिने हे शेवटचं दुखणं लिहिलेलं होतं. बरोबर होतं एम 53.3 किंवा ओ 71.6. जागेत वीतभराचा फरक, पण गट वेगळा. गट नंबर चुकला तर पंचनामा दुसऱ्याच्या शेताचा होतो, तसं झालं.

हे नंबर पाठ करून डॉक्टरांना सांगायचे नाहीत. नंबर लावणं आपलं काम नाही, आणि बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचंही नसतं. मोठ्या रुग्णालयात नोंदी ठेवणारा वेगळा माणूस असतो. तो पेशंटला पाहत नाही, कागद पाहतो. कागदावर 'कंबरदुखी' असेल तर तो कंबरदुखीचाच नंबर लावणार. कागदावर नुसतं 'वेदना' असेल तर त्याच्या हातात काहीच नाही. आणि कागदावर काय येणार हे आपण तोंडानं काय सांगितलं त्यावर ठरतं. म्हणजे या साखळीची पहिली कडी आपली जीभ आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर कोड दिसेलच असं नाही. नसला तरी चालेल. पण शब्दांत निदान हवंच. त्याचा उपयोग कुठं होतो ते ऐका. एक, पुढच्या दवाखान्यात गेलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत नाही. दोन, घरात नवऱ्याचा किंवा मुलाचा विमा असेल आणि भरती व्हावं लागलं, तर दाव्याच्या फॉर्ममध्ये रुग्णालयानं भरायच्या भागात आयसीडी-दहाच्या कोडची चौकट असते. कार्डावर एक निदान आणि फॉर्मवर दुसरा कोड असेल तर दावा अडकतो. शासनाच्या आरोग्य योजनांत उपचारांच्या स्वतंत्र याद्या आणि त्यांचे वेगळे नंबर असतात. तिथं चौकशी योजनेच्या मदत कक्षात आरोग्यमित्रांकडं करा. तीन, जे दुखणं लिहिलं जात नाही ते मोजलंही जात नाही. बाळंतपणानंतर बसता न येणाऱ्या बायका किती, हे कागदावर आलं तरच त्यांच्यासाठी काही करायचं कुणाच्या मनात येईल.

कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे. डॉक्टरांसाठी 2002 साली जे नियम झाले, त्यांत पेशंटनं नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्याव्यात असं आहे. भांडायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "डॉक्टर, मला काय झालंय ते नाव कागदावर लिहून द्या, पुढच्या वेळी दाखवायला लागेल."

आता दवाखान्यात गेल्यावर काय काय होईल? आधी प्रश्न विचारतील. उत्तरं घरूनच तयार करून जा. नेमकं कुठं दुखतं, एका बोटानं. कधीपासून. पडलात का, बाळंतपण कधी झालं, ते कसं झालं. बसल्यावर, उठताना, शौचाला, संबंधाच्या वेळी दुखतं का. ताप, पू, रक्त, पायाला बधिरपणा आहे का.

मग डॉक्टर बाहेरून दाबून बघतील. गरज पडली तर हातमोजा घालून शौचाच्या जागेतून बोटानं हाड चाचपतील. ही तपासणी खरी आहे, पण ती तुमची परवानगी घेऊन, कारण सांगून, पडद्याआड व्हायला हवी. डॉक्टर पुरुष असतील तर सिस्टर किंवा तुमच्या सोबतची बाई जवळ असावी, असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. नको वाटलं तर नको म्हणा.

एक्स-रे प्रत्येकीला लागत नाही. जोरात पडलात, किंवा काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर काढतात. गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर एक्स-रेच्या आधी सांगाच. आणि एक लक्षात ठेवा, एक्स-रे साफ आला म्हणजे दुखणं खोटं नाही. पडून राहून काढलेल्या फोटोत बसल्यावर सरकणारं हाड दिसत नाही. काही मोठ्या रुग्णालयांत म्हणूनच बसवून आणि उभं करून असे दोन एक्स-रे काढतात.

आता उपचार. दहातल्या नऊजणींना ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. मुका मार असेल तर काही आठवडे, हाड मोडलं असेल तर दोन-तीन महिने लागू शकतात. या हाडाला प्लास्टर नसतं. त्यावरचा भार कमी करणं हाच त्याचा उपचार.

पहिली गोष्ट उशी. बाजारात मधे भोक असलेली गोल उशी मिळते, पण तिच्यानं मागच्या कडेचा दाब राहतोच. त्यापेक्षा मागच्या बाजूनं खाच असलेली उशी बरी. गादीवाल्याकडून चार बोटं जाडीचा कडक फोम आणा. बसायला पुरेल एवढा चौकोन कापा. मागच्या कडेला मधोमध, हाताचा पंजा मावेल एवढी खाच कापा. वरून सुती खोळ शिवा. बसताना खाच मागे, म्हणजे माकडहाड अधांतरी राहतं. शिलाई येणाऱ्या गटांनी अशा उशा करून गावात द्यायला काय हरकत आहे? फोम नसेल तर जुनी गोधडी फाडून दोन घट्ट गुंडाळ्या करा, एकेका मांडीखाली एकेक, मधली जागा मोकळी.

दुसरी गोष्ट बसण्याची तऱ्हा. भिंतीला टेकून पाय पसरून, पाठ सोडून बसू नका. थोडं पुढं झुकून बसा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठा, दोन पावलं चाला. उठताना आधी पुढं वाका, मग मांड्यांवर जोर देऊन उठा. एसटीत शेवटच्या सीटवर बसू नका, मागं दणका जास्त बसतो. दुखणं ताजं असेपर्यंत दुचाकी आणि ट्रॉली टाळता आली तर टाळा. झोपताना कुशीवर, गुडघ्यांच्या मधे उशी घेऊन.

तिसरी गोष्ट शेक. पडल्यापासून पहिले दोन-तीन दिवस गार शेक, कपड्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. नंतर गरम शेक, किंवा पसरट घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात बसायचं. बाळंतिणीला बाजेखाली शेगडी ठेवतो आपण. दुखऱ्या जागी कातडी भाजलेली लवकर कळत नाही, आणि बंद खोलीत निखाऱ्याचा धूर आई-बाळ दोघांना घातक. त्यापेक्षा गरम पाण्याची पिशवी बरी.

चौथी गोष्ट पोट साफ. कुंथावं लागलं की दुखणं दुप्पट होतं. पाणी, पालेभाजी, ताक, पपई. लागलं तर रात्री इसबगोल, भरपूर पाण्याबरोबर. बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या चालू असतात, त्यांनी काहींना खडा धरतो. म्हणून गोळ्या बंद करू नका, सिस्टरना सांगा.

गोळ्यांचं म्हणाल तर पॅरासिटामॉल बहुतेकींना चालते, पण किती आणि कधी ते विचारून. दुकानातून मिळणाऱ्या जोराच्या वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी नकोत. गरोदरपणात, आम्लपित्त, जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नकोत.

पाचवी गोष्ट व्यायाम. उताणं पडून एक गुडघा हळूच छातीशी घ्यायचा, मग दुसरा. गुडघ्यांवर बसून पुढं वाकून कपाळ जमिनीला टेकवायचं आणि पोटातून सावकाश श्वास घ्यायचा. दुखण्यामुळे खालचे स्नायू सतत आवळलेले राहतात, ते सैल सोडायला शिकायचं. दुखणं वाढलं तर थांबा. फिजिओथेरपीच्या डॉक्टर हे नीट शिकवतात. बाळंतिणींनी तपासणी करून विचारूनच सुरू करावं.

आणि एक विनंती. हाड बसवणाऱ्याकडून, तेल लावून ओढूनताणून हे हाड बसवून घेऊ नका. मोडलेलं असेल तर नुकसान होईल. हे हाड हातानं हलवण्याचा उपचार आहे, पण तो शिकलेल्या माणसाचा.

एवढ्यानं दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं नाही तर मोठ्या रुग्णालयात त्या जागी इंजेक्शन देतात. हाड काढण्याचं ऑपरेशन अगदी थोड्यांना, सगळे उपाय थकल्यावरच.

आता धोक्याच्या खुणा. या मात्र प्रत्येकीनं लिहून घ्या. घोड्यावर बसल्यावर खोगिराला जो भाग टेकतो तो बधिर झाला, लघवी अडली किंवा कळत नकळत व्हायला लागली, शौचावर ताबा राहिला नाही, पायातली ताकद गेली, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय, 108 ला फोन.

त्या जागी सूज, लाली, पू आणि ताप असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, रोज संध्याकाळी कणकण, पूर्वी कॅन्सर किंवा क्षय झालेला असणं, यांपैकी काही असेल तर "माकडहाड आहे, होईल बरं" म्हणून बसू नका. मूळव्याध, चीर, भगंदर, क्षय, गाठ, यांचंही दुखणं त्याच भागात जाणवू शकतं. म्हातारी बाई पडली आणि नंतर पायावर उभी राहीना, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तिला चालवू नका.

आशाताईंनाही एक सांगणं. बाळंतिणीच्या घरी तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाता. बाळाचं वजन करता, ताप बघता. त्यात एक प्रश्न वाढवा, "बसल्यावर दुखतं का?" सासूबाईंसमोर नको, बाजूला घेऊन विचारा. बाळंतिणीला आपणहून सांगता येत नाही, विचारलं की सांगते.

आणि सासूबाईंनो, तुमच्यातल्याही कितीजणींनी हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलंय, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या वेळी कुणी विचारलं नाही. तुम्ही सुनेला विचारा, आणि स्वतःचंही दाखवून या. जुनं झालं म्हणून उपाय नाही असं नसतं.

येत्या बैठकीत गटांनी हे करून बघा. एका मोठ्या कागदावर बाईचं पाठमोरं चित्र काढा. प्रत्येकीनं आपलं दुखणं जिथं आहे तिथं टिकलीनं खूण करायची. बोलायचं नाही, नुसती खूण. मग मोजा, कमरेवर किती टिकल्या आल्या आणि त्याखाली किती. खालच्या टिकल्या ज्यांच्या असतील त्यांनी कागदावर चार ओळी लिहाव्यात किंवा लेकीकडून लिहून घ्याव्यात. कुठं, कधीपासून, कशानं, बसल्यावर काय होतं. तो कागद घेऊनच दवाखान्यात जायचं. बोलायला लाज वाटली तर कागद पुढं करायचा. आणि येताना दुसरा कागद घेऊन यायचं, ज्यावर दुखण्याचं नाव असेल.

काय दिसलं ते आम्हाला कळवा. उशी शिवलीत तर तिचं मापही कळवा, पुढच्या भागात सगळ्यांना सांगू.